माझ्या शांतीची गावाला लागलेली काळजी

आमच्या कर्जत तालुक्यात शांतता विकत मिळते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिच्या पाट्या लागलेल्या आहेत. मुंबईची माणसं शनिवारी गाड्या भरून येतात, फार्महाउसचं फाटक लावून घेतात आणि रविवार दुपारपर्यंत मोठ्या आवाजात गाणी लावून ती शांतता उपभोगतात. मी कोंडाणे लेण्यांच्या अलीकडच्या एका गावात सून म्हणून आले आणि इथली हवा इतकी वर्षं फुकट खाल्ली. तरी एके दिवशी भाकरी थापता थापता मला श्वासच घेता येईना.

कारण काही नव्हतं, हीच पंचाईत होती. नवरा खोपोलीकडच्या कारखान्यात मोटारसायकलने जातो. त्याचा फोन लागला नाही की माझे हात गार पडत, छातीत धडधडे आणि आता काही आपण वाचत नाही अशी खात्री होई. मग नवरा यायचा, हातपाय धुऊन जेवायला बसायचा. खालापूरच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. त्या दिवसापासून घरात मी नाटकी ठरले.

उपाय मात्र सगळ्यांनी मनापासून केले. सासूबाई म्हणाल्या, "काम कमी पडतंय हिला," आणि काम वाढवलं. थोरल्या जावेनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. चुलीत टाकल्यावर मिरच्यांचा ठसका सगळ्या घराला लागला. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच, असा निकाल झाला आणि तिथंही मी नाटकीच निघाले. डोंगरातल्या वाडीवरच्या भगतानं काळी कोंबडी मागितली, ती पोचती केली. तिचं पुढं काय झालं ते वासावरून कळलं, माझं काय झालं ते काही भगताला कळलं नाही. थोरले दीर म्हणायचे, पहाटे उठून ध्यान कर. ते स्वतः नऊला उठायचे.

शेवटी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "रविवारी शेलूला आमच्या घरी प्रार्थना असते. या तुम्ही. काही करावं लागत नाही, नुसतं बसायचं." काही करावं लागत नाही असं मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून गेले.

नव्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा, लिफ्ट बंद. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं. पेटी एका पट्टीत आणि गाणारे दुसऱ्या पट्टीत. पास्टर इतके लांबलचक बोलले की मधे माझा डोळा लागला. खोटं कशाला सांगू, स्वर्ग वगैरे काही उघडला नाही. मग ज्यानं त्यानं आपली अडचण सांगायची आणि सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची, अशी त्यांची रीत. एकाचे गुडघे, एकीच्या मुलाची परीक्षा, आणि एका जोडप्याला बिल्डर घराचा ताबा देत नव्हता. त्या बिल्डरला सुबुद्धी मिळावी म्हणून दर रविवारी प्रार्थना व्हायची. देव ऐकत असणार, पण बिल्डर साइटवर सापडत नव्हता.

माझी पाळी आली. "मला भीती वाटते," एवढंच मी म्हणाले. कशाची, असं कुणी विचारलं नाही. सिस्टरनी माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटून, शेजारणीला सांगावं तितक्या सरळ आवाजात, येशूला सांगितलं, "ही घाबरते. हिच्याजवळ बस." मला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत मला ऊठ म्हणणारे पुष्कळ भेटले होते. माझ्याजवळ बसायला कुणीतरी कुणाला सांगतंय, हे नवीन होतं. आणि कुणीतरी बसलंय असं मला खरंच वाटलं. अजूनही वाटतं, त्याला मी काय करू?

भीती लगेच गेली असं नाही. फोन लागला नाही की हात गार पडायचेच. पण मी चुलीपुढं पुटपुटायचे, "ये, बस इथं. हे बघ, परत सुरू झालं." भाकरी उलटेपर्यंत श्वास ताळ्यावर यायचा. मी दर रविवारी शेलूला जाऊ लागले, पोटभर जेवू लागले, झोपू लागले. एकदा तर हसलेसुद्धा.

आणि इथं गाव घाबरलं. मी घाबरत होते तोवर गावाला माझी काडीची काळजी नव्हती. मी घाबरेनाशी झाले तशी देवळात बैठक बसली. चुलत सासरे चौकशीला घरी आले. ओटीवर बसून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तांदूळ किती दिलं गं त्यांनी?"

माझ्या पाठीमागं कणगी भरलेली होती. आमच्या भाताच्या पोत्यांवर पाय ठेवून ते बसले होते. मी म्हटलं, "आबा, आपणच तर तांदूळ विकतो. मला कोण देणार?"

"मंग पैसं दिलं आसतील."

"लिफ्टपण चालत नाही त्यांची."

हे त्यांना पटलं नाही. फुकटात कुणी शांत होतं, हे आमच्या तालुक्यात कसं पटणार? त्यांनी सासूबाईंना बजावलं आणि सासूबाईंनी मला. "गावाची बोलनी मी आयकायची नाय. शेलू बंद. नायतर माहेरी रहा नि तिथून जा." शिवाय उडीद निवडणं, गोधड्या धुणं, फळ्या पुसणं, घरातली सगळी कामं रविवारी सकाळीच निघू लागली. मला गावाची भीती वाटली नाही, माहेरचीही नाही. पण तो रविवार सुटला तर मी परत त्या श्वास कोंडण्यात जाऊन पडेन, याची फार भीती वाटली. घरही मला सोडायचं नव्हतं. दोन रविवार मी उडीद निवडले. धडधड परत आली.

त्यातच सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. ज्या बाईनं साप काठीनं उचलून बांधापलीकडं टाकलेला मी पाहिलाय, ती डोळ्यांच्या दवाखान्यात हिरवा झगा घालून बाकावर थरथरत होती. दीर फोनवर, नवरा औषधं आणायला गेलेला. मी त्यांचा हात धरला. बर्फासारखा गार. तो गारवा माझ्या चांगलाच ओळखीचा होता.

"छातीत कसं व्हतंय गं," त्या म्हणाल्या. "मरत बिरत तर नाय ना मी?"

त्यांना नाटकी म्हणायची एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नसती. पण जीभ वळेना. "असंच होतं," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे."

मग कानाशी येऊन त्या कुजबुजल्या, "तुझा त्यो... नवीन माणसाचं आयकतो का?"

"ऐकतो."

"मंग सांग त्याला. पन नाव नको घेऊ माझं. गावात कळंल. नुसती एक म्हातारी हाय म्हन."

मी डोळे मिटले. त्यांनी मिटले नाहीत, कुणी बघतंय का यावर त्यांचा पहारा होता. मी म्हटलं, "येशू, ही एक म्हातारी आहे. घाबरलीय. हिच्याजवळ बस." त्यांनी माझी बोटं इतकी आवळली की बांगडी रुतली. आत बोलावणं आलं तेव्हा हात सोडताना म्हणाल्या, "मी येईपर्यंत थांबवू नको."

मी थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी मी सूप घेऊन उडदाला बसले. सासूबाई ओटीवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. चुलत सासरे पायरीवर तंबाखू मळत होते. सासूबाईंनी माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं.

"ऊठ. शेलूला जायाचं नाय का?"

चुलत सासऱ्यांचा तंबाखू तळहातावरच राहिला. "वयनी, आवो गाव काय म्हनंल?"

"गावाला काय जातंय?" सासूबाई म्हणाल्या. "माझा दुसरा डोळा व्हायचा हाय अजून." मग माझ्याकडं वळून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि या टायमाला नाव सांग गं माझं."