भंगारात टाकण्याआधी

आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून माझी साफसफाई बुधवारी. चाकणच्या कंपनीत मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची पॅकेजेस मी तयार करते. प्रत्येक बिल्डनंतर, म्हणजे पॅकेज बांधून झाल्यावर, तात्पुरत्या फाइली, अर्धवट फोल्डर मागे उरतात. काय उडवायचं त्याची यादी वहीत असते. उडवलं की टिक.

त्या बुधवारी डिस्क भरली आणि बिल्ड मध्येच अडकला. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला नवं पॅकेज तपासणी मशीनवर चढवायचं होतं. मशीन बंद राहिलं तर अख्खी लाइन उभी. मी भराभर यादी केली. पॅकेजचा पेन ड्राइव्ह न्यायला आलेले मामा, म्हणजे इथल्याच गावचे आमचे जुने फिटर, मागून वाचत होते.

“ह्ये मोठं फोल्डर कुनाचं?”

“कुणाचंच नाही, मामा. कित्येक वर्षं पडून आहे. कचरा.”

“इचारलं का कुनाला?”

“विचारू कुणाला? बनवणारा कधीच नोकरी सोडून गेला.”

“मंग लाल चिठ्ठी लावा की! खाली आमी गंजका बोल्टबी थेट भंगारात न्हाई टाकत. चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठिवतो, म्हैनाभर वाट बघतो. तुमी कॉम्प्युटरवाले लई घाईचे बघा.”

खरं सांगायचं तर मला राग आला. आकुर्डीची बस चुकत होती. पण वाद घालण्यापेक्षा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवणं सोपं होतं. हलवलं, बाकीचं उडवलं आणि बिल्ड पूर्ण झाला.

शुक्रवारी सकाळी नवं पॅकेज चढवताना आधीचं पुसलं गेलं आणि नवं काही चालेना. मशीनचा कंट्रोलर जुन्या पद्धतीचा निघाला. त्याला चालणाऱ्या जुन्या पॅकेजची उरलेली एकमेव प्रत त्या ‘कचऱ्यात’ होती. ती चढवली. साहेब घड्याळ बघत उभे होते, तेवढ्यात हिरवा दिवा लागला.

सगळ्यांसमोर मी मामांचे आभार मानले.

“त्यात काय, म्याडम? आमची रोजची पद्धत हाय ती. आजवर वर बोलावून कुनी इचारली न्हाई, यवढंच.”

पुढच्या बुधवारी मी त्यांना वर बोलावलं. आमचा सगळा विभाग वह्या उघडून त्यांच्यासमोर बसला.