लेझर, वांग आणि अखाजीचे मांडे

माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे. कपाळावरही थोडं आहे, पण ते केसांनी झाकता येतं. जळगावच्या उन्हात स्कार्फ बांधूनच फिरायचं, त्यामुळे रस्त्यावर काही अडत नाही. अडतं ते शाळेत, स्टाफरूममध्ये स्कार्फ सोडताना. मी शिक्षिका आहे. पोरांना 'दिसण्यावर जाऊ नका' म्हणून सांगते आणि स्वतः ग्रुप फोटोत कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहते. लाज डागांची जास्त की या लपण्याची, मला सांगता येणार नाही.

नवऱ्याला विचारलं, लेझर करू का? पेपरातून मान वर न काढता तो म्हणाला, "या वयात कोण बघतंय तुला?" बिचाऱ्याला वाटलं, आपण धीर दिला. त्याच रागात मी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. "लेझरने फिकं होईल, पुसून जाईलच असं नाही. ऊन आणि आच सांभाळली नाही तर परत येतं, कधी आधीपेक्षा गडद. चुलीपुढे बसता का?"

"छे, घरी गॅस आहे," मी म्हणाले.

गॅस आहे हे खरंच. पण सासरी, भडगावजवळच्या गावात, दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे मीच करते. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची आणि तापल्या खापरावर अलगद सोडायची. तोंड जाळावर धरल्याशिवाय ते होत नाही. त्यात वैशाखाचं ऊन, वर पत्रा आणि जेवायला सगळी भावकी. डॉक्टरांच्या त्या गारेगार खोलीत हे बोलायची मला लाज वाटली. शिकलीसवरलेली बाई, आणि चूल फुंकते! विचारायचं ते त्यांनी बरोबर विचारलं होतं, मीच तोंड उघडलं नाही.

पहिलं सिटिंग झालं. गाल जरा उजळल्यासारखे वाटले, आणि मी आरशापुढे उगाच रेंगाळू लागले. मग अखाजी आली.

गावी पोचलो तर सासूबाईंनी खापर चढवलंच होतं. "बस माय, बठ्ठा जण तुना हातना मांडासनी वाट देखी ऱ्हायनात." सगळे वाट बघताहेत म्हटल्यावर मी पदर खोचून बसले. पहिलाच मांडा खापरावर टाकला, गालांना आच लागली आणि मी चटकन तोंड मागे घेतलं. शेजारी पुरण भरून देणाऱ्या माझ्या लेकीनं ते पाहिलं. ती अकरावीत आहे. तिच्या चेहऱ्यावर एक डाग नाही.

"आई, ऊठ तू. तुझं लेझर वाया जाईल. मी करते."

मी उठले. तोंडदेखलंसुद्धा नको म्हटलं नाही.

ओसरीवर पंख्याखाली बसून मी बघत होते. तिचे पहिले मांडे फाटले, मग हात बसला. घामानं केस कपाळाला चिकटले, गाल लालबुंद झाले. बाहेर खाटेवर घरातले सगळे पुरुष गप्पा मारत होते. त्यांच्यातल्या एखाद्याला जाळापुढे बसवावं, हे आम्हा बायकांपैकी एकीलाही सुचलं नाही. सासूबाई मात्र नातीवर बेहद्द खूश होत्या. "आते दरसाल हाई पोरच बसी. तू सुटनी व माय!"

ते ऐकून मला हायसं वाटलं. अगदी मनापासून. लाज मागाहून आली, लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि भाजलेला गाल माझ्या गार दंडाला लावून टेकली तेव्हा.

पुढच्या सिटिंगसाठी दवाखान्यातून फोन आला. मी नाही म्हणून कळवलं. फिके होणारे डाग मला अजूनही हवेत, खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी चुलीपुढे तिला बसवायचं असेल तर नकोत. घरात सांगितलं, पुढच्या वर्षी मांडे मीच करणार. लेक रुसली. आजीनं केलेल्या कौतुकानं ती अजून हवेत आहे, आता तिला माझी जागा हवी आहे. आईला आपली फार काळजी, म्हणून ती नको म्हणते, असं लेक मैत्रिणींना सांगते. त्या दिवशी ओसरीवर मला हायसं वाटलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.