पोपबाबांचा सदरा

भांडण पलंगावरून चाललं होतं. कोठीवाला ग्रेगोरो म्हणत होता पलंग माझा, खोलीवरचा नोकर सर्जो म्हणत होता मग गादी माझी. बोनिझा परटीण दाराआड धुण्याचं गाठोडं बांधत ऐकत होती. तसं यात वावगं काही नव्हतं. पोप गेला की त्याच्या घरातलं हाताला लागेल ते उचलायचं, ही आमच्या रोमची जुनी चाल. अडचण एवढीच, की पोपबाबा अजून त्याच पलंगावर होते आणि जागे होते.

"आणि उशी कुणाची ठरली?" त्यांनी विचारलं. दोघं ओशाळून बाहेर गेले.

बाबांना पोप होऊन अठरा दिवस झाले होते. दोन बड्या घराण्यांचं एकमेकांशी जमेना, तेव्हा दोघांनीही बाबांच्या खोकल्यावर भरवसा ठेवून त्यांना गादीवर बसवलं. बसवलं खरं, पण ते आडवेच झाले. गल्लीतली माणसं रोज तब्येत विचारायला यायची, काखेत पोती घेऊन.

बाबांनी बोनिझाला जवळ बोलावून विचारलं, मागच्या बाबांना कसं नेलं. तिला खोटं जमायचं नाही. उघडंच नेलं, म्हणाली, खालची चादरसुद्धा ठेवली नव्हती.

बाबा अंगातला सदरा चाचपत राहिले. बहिणीने सूत कातून केलेला, कोपरांना ठिगळं. "मला लाज फार आहे गं. एवढा राहू दे अंगावर."

"अंगावर राहिला तर जाणारच, बाबा. धुण्यात गेला तर राहील."

बाविसाव्या दिवशी दुपारी बाबा गेले. बोनिझाने सदरा काढून मळक्या चादरीत गुंडाळला आणि टोपलं कमरेवर घेतलं. जिन्यात गर्दी चढतच होती. पुढे तिची धाकटी जाऊ.

"तुझ्या हाती काय लागलं गं?"

"धुणं."

"आजसुद्धा? कर्म तुझं," म्हणून जावेने कीव करत वाट दिली.

वर पलंग दारातून निघेना, म्हणून करवतीने कापला. ग्रेगोरोला दोन पाय, सर्जोला दोन. आधी बाबांना हलक्या हाताने जमिनीवर ठेवलं होतं. तेवढी माणुसकी होती.

बोनिझाने नदीवर सदरा धुतला, कोपरं जरा जास्त चोळली, झुडपावर वाळत घातला. उन्हं उतरताना परतली, तेव्हा भिंतीतल्या खुंट्याही गेल्या होत्या. आता इथे उचलण्यासारखं काही असेल, असं कुणाच्या मनात येण्याची भीती नव्हती. तिने बाबांना सदरा घातला, गळ्याशी नाडी बांधली, बाह्या ओढून सरळ केल्या.

"धुणं आणलंय, बाबा," ती नेहमीसारखं म्हणाली आणि रिकामं टोपलं उचलून जिना उतरली.