मी वाकवलेली सुरी

घरातली सुरी सुनेच्या हाताला जड पडायची. हाताने घडवलेली, हलकी आणि परवडणारी सुरी तिला हवी होती. मोबाइलवरच्या किमती पाहून ती म्हणाली, "मामाजी, तुमाले लोखंडातलं समजते. तुमीच पाहून आना." मी सानगडीच्या बाजाराला निघालो. सुऱ्या घडवणारं तिथे आता एकच घर उरलं होतं, आणि त्या घराचं मी काय केलं ते मला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी मी त्याच लोहाराची सुरी घेतली होती. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याची, धार कडक राहावी म्हणून तापवून उत्तम पाणी दिलेली. मूठ ढिली झाली म्हणून नवी बसवायला मागचं टोक मी गॅसवर लाल केलं. तेव्हा पातं ओल्या फडक्यात गुंडाळायचं असतं. माझी सगळी नोकरी कारखान्यात पोलाद तापवण्यात गेली, तरी मी आळस केला. ताप धारेपर्यंत गेला, पोलाद मऊ पडलं. मग घरी जेवणावळ होती त्या दिवशी माशाचं डोकं कापताना सुरी वाकली. शेजारी बघत होते. लाजेपोटी बोलून गेलो, लोहाराने पाणीच नीट दिलं नाही. वर ती सुरी त्याच्याकडून बदलूनही आणली. त्याने न बोलता दुसरी दिली. पण कारखान्यातल्या माणसाचा शब्द मासेवाल्या बायांपर्यंत गेला, आणि त्यांनी त्याच्या सुऱ्या आणि पावश्या, म्हणजे विळ्या, घेणं सोडलं.

ताडपत्रीवर लोहारीण एकटीच होती. पुढ्यात पाच सुऱ्या. मी एकेक उचलून नखावर धार टेकवली, पात्यावर टिचकी मारली, मूठ हलवून बघितली. एकीतही खोट नव्हती.

"नीट पाहून घ्या, काकाजी. आमची सुरी वाकते म्हन्तेत," ती म्हणाली. नवरा हल्ली साकोलीला वेल्डिंगच्या दुकानात कामाला जातो, हेही तिने सांगितलं.

मी खाली बसलो. "बाई, ते सुरी मीच गॅसवर तापवली होती. तुमच्या मानसाची चूक नवती."

ती सुऱ्या सरळ लावत राहिली. तापल्यामुळे पात्यावर आलेली निळी झाक नवऱ्याने तेव्हाच ओळखली होती, म्हणाली.

"मंग ते तवाच काहून नाही बोलले?" मी विचारलं.

"तुमी कारखान्याचे. आमचं कोन आयकते?" तिने मासेबाजाराकडे हनुवटी केली. "आन मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं. तिकडं सांगा."

सुरी तशीच ठेवून मी उठलो. मासेबाजार वीस पावलांवर होता. पहिल्या मासेवालीला हळूच सांगितलं, तिला ऐकूच गेलं नाही. दुसरी हसून म्हणाली, "एवढे दिवस कुठं होते, बाबाजी?" तिसरीपुढे उभं राहून मी तेच सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. दोघींनी माना वर केल्या, पुन्हा मासे कापायला लागल्या. लोहारणीकडे कुणीच गेलं नाही. पुढच्या बाजारालाही मला इथे येऊन हेच सांगावं लागणार होतं.