मराठी नावांच्या फाइली
जुनी हार्ड डिस्क टकटक करू लागली की लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीतली ती दुपार आठवते. तिथे मी कॉम्प्युटर शिकवायचो. पत्र्याखाली पंखा गरम वारा फेकत होता आणि भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या एका गावाचे गुरुजी समोर बसले होते. ढिगाऱ्यातून मिळालेले फोटो त्यांनी स्कॅन करून घेतले होते, मूळ फोटो पुढे विरून गेले होते, दुसरी प्रत नव्हती आणि ते ठेवलेली त्यांची डिस्क अखेरच्या घटका मोजत होती. माझ्या प्रोग्रामनं घरांचे, बैलांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर भराभर उतरवले, कारण त्या फाइलींची नावं इंग्रजीत होती. माणसांची मराठीत. ती प्रोग्राम चालवणाऱ्या इंटरप्रीटरला वाचताच येईनात. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं आणि खाली ‘अशी फाइल नाही’. टकटक वाढली. “नावं इंग्रजीत करू का, गुरुजी?” “माझ्या मायला कुणी इंग्रजीत हाक मारली व्हती का, सर?” मी घाम पुसला, फोल्डरमधली नावं मराठी अक्षरंही ओळखणाऱ्या युनिकोडमध्ये वाचायला प्रोग्रामला सांगितलं आणि तो पुन्हा चालवला. माय. थोरली आत्या. धाकटी वहिनी. एकेक नाव उमटत गेलं, एकेक फोटो उतरत गेला आणि गुरुजी प्रत्येक नावाला हळूच “हजर” म्हणत राहिले. मग ‘तान्ही’ हे नाव उमटलं आणि टकटक थांबली. डिस्क बंद पडली होती, फोटो उतरला नव्हता. गुरुजी “हजर” म्हणायला तोंड उघडून तसेच बसले होते. आजही नवा प्रोग्राम लिहिला की तो तपासायला मी पहिली फाइल ‘तान्ही’ नावाचीच करतो. ती दर वेळी बिनचूक उघडते. रिकामी.