फळ्यावर लिहिलेलं जहाज

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, मीटिंग कधी, कोण गेलं आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार, एवढंच त्यावर लिहितात. पप्पांचे गुडघे गेले तेव्हापासून खडू माझ्याकडे आला. पप्पांनी एकच नियम सांगितला होता: जे घडलंय किंवा जे ठरलंय, तेच फळ्यावर. "तुझी पत्रकं विहारात वाट. फळ्यावर भाषण नको."

पत्रकं मला जमतात. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. विहारातल्या मोठ्या माणसांनी शाळेत असल्यापासून मला हेच शिकवलं. पण हे जे लिहितेय त्यात आरोप माझ्यावरच आहे आणि मागणी कोणाकडे करायची ते मला माहीत नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत काकी राहते. नात्याची नव्हे, कोकणातली, मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो गेला, मुलगा आखातात. काकीच्या खालच्या जबड्यात गाठ आहे. आधी लिंबाएवढी होती. कॅन्सर नाही, पण हाड खात वाढणारी. सरकारी इस्पितळात तपासण्या झाल्या होत्या आणि ऑपरेशनसाठी तिचं नाव लागलं होतं. "खाट रिकामी झाली की फोन करू," असं तिथे सांगितलं होतं. काकी पदर गालावर ओढून बाजारात जायची आणि मी चिडायची. तिने लाजायचं कशाला? लाज व्यवस्थेला वाटायला हवी. हे वाक्य मी दोन पत्रकांत वापरलंय.

त्याच दिवसांत माझी कॉलेजातली मैत्रीण परदेशातून आली. ती नर्स आहे. एका ख्रिस्ती संस्थेचं जहाज आहे, अख्खं इस्पितळच, ते आफ्रिकेतल्या गरीब देशांच्या बंदरात महिनोन् महिने उभं राहतं आणि फुकट ऑपरेशनं करतं. सुट्टी काढून ही तिथे काम करून आली होती. दादरला चर्चच्या हॉलमध्ये तिने फोटो दाखवले, मीही गेले. शेवटी उभी राहून विचारलं, "बदल्यात काय घेता? धर्म?"

ती हसली. "तू कॉलेजातही अशीच होतीस. अगं, माझ्या वॉर्डात निम्म्या बायका नमाज पढायच्या. मी ड्रेसिंग करत होते, धर्म कधी विचारू?"

मला उत्तर पटलं नाही असं मी म्हणाले. मला उपकार नकोत, हक्क हवा. पण एका फोटोवरून माझी नजर हलेना. एक बाई, जबड्याला काकीसारखीच गाठ, आणि पुढच्या फोटोत तीच बाई, गाठ नसलेली, दात दाखवून हसणारी.

घरी येताना डोक्यात पत्रक तयार झालं. परक्या देशातले लोक जहाज घेऊन गरिबाच्या दारात जातात आणि इथे आपण खाटेची वाट बघत बसतो! सरकारने ते जहाज मुंबईला बोलवावं, नाहीतर स्वतःचं बांधावं, अशी मागणी करायची, सह्या गोळा करायच्या. जहाज येणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. मला ते सरकारच्या तोंडावर मारायचं होतं, बस.

पत्रकं छापून यायला वेळ होता. मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "गरिबांसाठी इस्पितळाचं जहाज. मोफत ऑपरेशन. मुंबईच्या धक्क्यावर आलंच पाहिजे. नावं नोंदवा." खाली आमचा खोली नंबर. सह्यांच्या कागदावर मी नाव, वय आणि आजार असे रकाने आखले होते, कारण आजार लिहिला की निवेदनाला वजन येतं.

संध्याकाळी दारात माणसं.

"लीडर, दाढेचं बघतात काय जहाजात? अक्कलदाढ दुखतेय."

"तुला कुठली अक्कलदाढ? खोटं नाव नको लिहू, खऱ्याचा नंबर जाईल," मागून कोणीतरी त्याला म्हणालं.

मी हसले आणि लिहीत गेले. नंबर हा शब्द मी ऐकला होता, पण गर्दी बघून मला आनंद झाला होता. काकी शेवटी आली. "माझा नाव लिवलंस मा?" तिने विचारलं. मी सगळ्यात वर लिहिलं आणि पुढे आजार: जबड्याची गाठ. पप्पा कॉटवरून बघत होते. एवढंच म्हणाले, "ते पुसून टाक." मी पुसलं नाही.

गणपती गेले, पावसाळा गेला. निवेदन दिलं, पोच मिळाली, पुढे काही नाही. मी दुसऱ्या मोर्चात गुंतले. मग एकदा काकीला पेज गाळून पिताना बघितलं. गाठ आता मुठीएवढी होती. मी चिडून म्हणाले, "अजून फोन नाही इस्पितळातून? चल, उद्या जाऊन जाब विचारू."

"फोन ईललो," काकी म्हणाली. "दोनदा."

"मग?"

"मी सांगितलंय, माझी सोय झालीहा, खाट दुसऱ्या कोणाक द्या. हावरटपणा कित्याक? जहाज खयच्या धक्क्यार लागतला, ता तेवढा माका आधी सांग. चालवत नाय आता."

मी तिला समजावलं. म्हणजे निवेदन म्हणजे काय, मागणी म्हणजे काय. माझं बोलणं मलाच पत्रकासारखं ऐकू येत होतं. ती ऐकत राहिली.

"मगे येवचा नाय?"

"नाही, काकी."

"पण फळ्यार लिवलेला कधी खोटा झाला नाय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने भांडं खाली ठेवलं आणि तोंड पुसलं.

त्या रात्री मी त्या संस्थेला पत्र लिहिलं, फोटो जोडले, आरोप एकही केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा विनंती लिहिली. उत्तर आलं, चांगलं आलं: ज्या देशाचं सरकार बोलावतं तिथेच जहाज जातं, तिथल्याच माणसांना घेतं, तुमच्या शेजारणीसाठी आम्ही प्रार्थना करतो. मैत्रीणही म्हणाली, "माझ्या हातात असतं तर..." मला कोणाचाच राग येईना. मला राग आल्याशिवाय काही करता येत नाही.

मग मी काकीला इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टर माझ्याच वयाची होती, डोळे तांबारलेले. तिने जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी लावला. तेव्हा जबड्याची खालची कड शाबूत ठेवून गाठ काढता आली असती, म्हणाली. आता अर्धा जबडा जाईल, पायाचं हाड घेऊन बसवावं लागेल, मोठं ऑपरेशन आहे, नाव पुन्हा यादीत शेवटी. "दोनदा बोलावलं होतं ना? का नाही आलात?"

मी तोंड उघडलं. सांगायचंच होतं, चूक हिची नाही, माझी आहे, हिला पुढे घ्या. काकीने टेबलाखाली माझं मनगट धरलं.

"तू भांडू नको हां गो," ती हळूच म्हणाली. "हयसर भांडलंस तर ह्या पण जायत."

आणि मी गप्प बसले. तिला वाटलं मी भांडणारच आहे. दुसरं काही करताना तिने मला कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं, फोन नंबर विचारला. काकीने स्वतःचा सांगितला. मग माझ्याकडे बोट करून हिचा पण लिहा म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला तहान लागली. नारळपाण्यात स्ट्रॉ घालून दिली, ती डाव्या बाजूने ओढत राहिली, उजवीकडून गळत राहिलं. मी रुमाल धरला.

दिवाळी होऊन गेली. मी मीटिंगमध्ये फोन बंद करत नाही आता, अनोळखी नंबर दिसला की उठून बाहेर जाते. कर्जवाले असतात, नाहीतर कोणीतरी चुकून लावलेला असतो. संध्याकाळी काकी दारातून विचारते, "ईलो काय गो?" मी नाही म्हणते. ती बरं म्हणते आणि पेज गाळायला आत जाते.