चौथी मोगरी

भीमा ससाणे अकरा वर्षं सर्कशीत लाकडी मोगऱ्या झेलत होता. बाटलीसारखं पोट आणि निमुळती दांडी. अशा तीन-तीन मोगऱ्या घेऊन दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकांकडे फेकत राहायचं, हा त्याचा खेळ. जोडीदार कायमचा केरळला निघून गेला, आणि भीमा कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी परतला. बहात्तरचा दुष्काळ होता. मॅनेजरचं पत्र आलं, माघात तंबू नगरला लागेल, जोडी घेऊन ये. एकट्याला काम नाही.

गावात तसे हात एकाचेच होते. गहिनीनाथ, माझ्या भावकीतला, तालमीतला गडी. जत्रांतल्या कुस्त्या बंद पडल्या होत्या, त्यालाही सर्कस हवी होती. नदीच्या कोरड्या पात्रात शिकवणी सुरू झाली. मी काठावर बसून बघायचो.

पहिले आठ दिवस एकच मोगरी. "फेकायची न्हाई, सोडायची," भीमा म्हणायचा. "हवेत एकच कोलांटी. दांडी आपसूक हातात येती." गहिनीनाथानं जन्मभर मुद्गल घट्ट धरलेले, सोडणं त्याला जमेना. मग दोन, मग तीन. महिन्याभरात तीन मोगऱ्या त्याच्या डोक्यावर कबुतरांसारख्या फिरू लागल्या. वाळूवर त्यांच्या सावल्या बघताना खरंच दुष्काळ विसरायला व्हायचं.

मग समोरासमोर, सहा पावलांवर. तीन फेका आपल्यापाशी, चौथी समोरच्याच्या डाव्या हातात. भीमाची चौथी अशी यायची की डोळे मिटून धरावी. तरी खेळ तिथंच मोडायचा. भीमाला वाटलं, घाम असेल. त्यानं हाताला लावायला चुलीतली राख आणली.

मला काठावरून दिसत होतं. भीमाकडून आलेली प्रत्येक मोगरी गहिनीनाथ मांडीवर पुसत होता. खाली पडलेली, धुळीनं माखलेली स्वतःची मात्र तशीच उचलायचा. मी गप्प बसलो. त्याचीही आज शिसारी येते.

एक दिवस भीमानं विचारलं, "पुसतोस कशापायी?"

"सवय हाय, उस्ताद."

नदीत तो उस्ताद म्हणायचा. चावडीपाशी तोच "ए भीम्या" अशी हाक मारायचा. भीमाच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेऊन सोळा वर्षं झाली होती, गावाच्या जिभेनं काहीच घेतलं नव्हतं.

भीमा भांडला नाही. त्यानं वेग वाढवला. पुसायला वेळच ठेवला नाही. माघ तोंडावर आला होता त्या सकाळी साठ फेका झाल्या, ऐंशी, शंभर. एकही पडली नाही.

"जमलं!" भीमा ओरडला. "गहिनी, जमलं रं! नगर आपलं!" त्यानं मिठी मारायला हात पसरले.

गहिनीनाथ त्याच्या बाजूनं निघून पात्रात पाण्यासाठी खणलेल्या झिऱ्यापाशी गेला. तिथं एक घागर भरायला बायांना तासभर बसावं लागे. कुणाची तरी भरलेली घागर त्यानं कलती केली, वाळू घेतली आणि कोपरापर्यंत हात घासले. नखंसुद्धा.

"काय घासतोस?" भीमानं विचारलं.

"घरी जाऊन जेवायचं हाय न्हवं." त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता.

"तंबूत सगळी एका पंगतीला बसत्यात. तितं कुनाची घागर वतशील?"

"तितं कोन बघतंय? तितं चालंल."

"तितं चालंल," भीमा ते शब्द चावल्यासारखा म्हणाला. त्यानं सहाही मोगऱ्या पोत्यात भरल्या. "उद्यापासनं येऊ नगंस."

"आन् नगर? उस्ताद, तुमचं काम जाईल की!"

"जाऊ दे."

सोमवारपासून भीमा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. गहिनीनाथ चावडीवर सांगत सुटला, "भीम्याला शिकवायलाच येत नव्हतं." बसलेल्यांनी माना डोलावल्या.

"शंभर झाल्या हुत्या की रं," मी म्हणालो. "मी मोजल्यात."

"तुमाला लई पुळका त्याचा," एकजण म्हणाला, आणि सगळे हसले. गहिनीनाथही.